घर सोडायची परवानगी

भगवान बुद्धांनी घर सोडलं त्याला अडीच हजार वर्षं होऊन गेली होती, आणि त्यापायी लग्न मोडायची पाळी आली माझ्यावर. परळला, वैशाखात, साखरपुडा झाल्यानंतर. यात भगवंतांचा काडीचा दोष नाही. दोष माझ्या जिभेचा.

नागपूरच्या दीक्षेनंतरचा तो दुसरा उन्हाळा. तोवर आमची चाळ बौद्ध होऊन गेली होती. देव्हाऱ्यातले देव माहीमच्या खाडीला पोचले होते आणि देव्हाऱ्याच्या फळीवर आईने लोणच्याची बरणी ठेवली होती. जुनं काय सोडायचं ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं. नवं काय धरायचं, यावर मात्र रोज नळावर भांडण. बारसं कसं करायचं? मयताचं काय? लग्नात भटजी नाही, होम नाही, मुहूर्त नाही, हे ठरलेलं. पण मग हळद? हळद हिंदू की हळद नुसतीच हळद? दोन बायका यावरून आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

अशा वेळी चाळ मॅट्रिक झालेल्या माणसाकडे बघते. तो मी होतो. रात्रशाळेतून, दुसऱ्या खेपेला. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कापसाच्या गाठींवर कारकून होतो, त्यामुळे बोटाला शाई असायची आणि बोटाला शाई असलेल्या माणसाला धर्म कळतो असा एक समज तेव्हा होता. मी दोन पुस्तिका वाचल्या होत्या. त्यातल्या एकीची सुरुवातीची पानं गळालेली होती. एवढ्या भांडवलावर मी चाळीचा पंडित झालो. पंडित सोडायला निघालेल्या चाळीने लगेच एक नवा करून ठेवला, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

बुद्धपौर्णिमेला चाळीच्या पटांगणात कार्यक्रम ठेवला. विषय मी निवडला: भगवंतांचा गृहत्याग. आणि बोललो, बाबा रे! महाल उभा केला. समया पेटवल्या. राजपुत्राची बायको कुशीत तान्हं घेऊन झोपलेली. तो उंबऱ्याशी थांबतो, बाळाला हात लावावा का, नको, ती जागी होईल... मी इथे आवाज खाली आणला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ते बघून मला चेव आला आणि पुस्तिकेत नसलेलं एक वाक्य मी पदरचं घातलं. हात वर करून म्हणालो, "बंधूंनो, संसार म्हणजे पिंजरा! शहाण्याने पहिल्या संधीला उडावं!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत एक माणूस हाताची घडी घालून उभा होता, त्याने वाजवली नाही. महिन्याभरात तो माझा सासरा व्हायचा होता.

हा माणूस पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, राहायला नायगावला. मिशा अशा की त्यांना वेगळं पेन्शन मिळत असावं. लढाईत तो ब्रह्मदेशात होता, आणि आमच्या सगळ्या परिसरात प्रत्यक्ष बौद्ध मुलूख बघितलेला तो एकटाच. मी पुस्तिकेतून बोलायचो, तो डोळ्यांनी बघून आलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या खोलीच्या दारात हजर.

"काय पाव्हणं, काल लई रंगात आला व्हता."

"आवडलं का तुम्हाला?" मी बावळटासारखं विचारलं.

"पिंजरा म्हनालात."

"ते आपलं... उपमा म्हणून."

"ब्रह्मदेशात म्या पाह्यलंय," तो खुर्चीत न बसताच बोलला. "आमच्या छावनीला दूध घालनारा एक पोरगा व्हता. लगीन झालेला. एक दिस दूध न्हाई आलं. बघतो तर डोस्कं तासलंय, अंगावर पिवळं चिवर, हातात वाडगं. इचारलं, बायको कुठाय? तर नुसता हसला." मिशीवरून हात फिरवून त्याने माझ्या केसांकडे रोखून पाहिलं. "तिकडं हे असंच व्हतं. आधी भाषान, मग डोस्कं."

मी हसलो. आई हसली नाही. तो गेल्यावर म्हणाली, "मेल्या, तुला काही तसलं करायचं नाही ना?"

"आई, तूसुद्धा?"

"तूसुद्धा काय? काल मीही बसले होते पटांगणात. तू रडवलंस मला. जो माणूस इतकं चांगलं सांगतो त्याच्या मनात काहीतरी असतं."

तेव्हापासून घरात एक बारीकसा संशय राहायला आला. मी रात्री पाणी प्यायला उठलो की आई अंधारातून विचारायची, "कुठे चाललास?"

आता दुसरी भानगड ऐका. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबईसह, बेळगाव-कारवारसह, हे गिरणगावात दूधपित्या पोराला पाठ. सभा, मोर्चे, भिंतींवर गेरूने घोषणा. घोषणा लिहायला अक्षर वळणदार लागतं, म्हणून मलाही बोलवत. लालबागच्या दोनतीन भिंती माझ्या हातच्या होत्या आणि त्यातल्या एकीवर 'झालाच' मधला काना मी विसरलो होतो. एवढीच माझी चळवळीतली कामगिरी. पण माणसाला आपण सरकारला जड झालोय असं वाटून घ्यायला एवढी पुरते.

त्यामुळे तो छत्रीवाला दिसला तेव्हा मी ओळखलंच. सीआयडी!

किडकिडीत माणूस, टोकदार नाक, आणि भर वैशाखात बगलेत छत्री. मी गोदामातून सुटलो की तो समोरच्या पानाच्या गादीवर. पान मात्र कधी खायचा नाही. मी चहाला थांबलो की तो थांबायचा. मी चप्पल शिवून घेतली तर त्यानेही चप्पल पुढे केली, ती धडधाकट होती. एकदा मी मुद्दाम दादरला उतरून एका पुस्तकाच्या दुकानात शिरलो. बाहेर आलो तर तो दुकानदाराला विचारत होता, "ते आत्ता गेले त्यांनी कसलं पुस्तक घेतलं?"

मी घेतली होती पुस्तिका नंबर तीन. तिच्या कव्हरावर चिवर घातलेले भिक्खू होते. सरकारला त्यात काय गैर दिसणार, असा विचार करून मी निर्धास्त राहिलो. हसू नका. मला तेव्हा खरंच अभिमान वाटत होता. सहकाऱ्यांना मी खालच्या आवाजात सांगत असे, "माझ्या मागे माणूस लावलाय." ते चहा पाजत.

शेवटी एका संध्याकाळी लालबागच्या कोपऱ्यावर सभा चालली होती. कुणीतरी उगाच ओरडलं, "पोलीस आले!" गर्दी फुटली. मी मागे बघितलं. छत्री सरळ माझ्याकडे येत होती. मी धूम ठोकली. पळताना पुढे बघावं हा नियम मला ठाऊक होता, पण माझं सगळं लक्ष मागे. समोर बर्फाच्या लाद्यांची हातगाडी उभी होती, वर भुसा, वर गोणपाट. मी तिच्यावर जाऊन आदळलो ते कपाळानेच. चळवळीत लोकांनी छातीवर गोळ्या झेलल्या. मी डोक्यावर बर्फ झेलला.

इस्पितळात टाके घालताना ड्रेसरने डोक्याची डावी बाजू साफ केली. उजवीकडे केस तसेच. आरशात बघितलं तर अर्धा भिक्खू आणि अर्धा कारकून. चाळीच्या न्हाव्याला म्हटलं, "हे काहीतरी सारखं कर रे." तो म्हणाला, "उगवता येत नाही, काढता येतं." आणि त्याने उरलेलंही काढून टाकलं.

लग्नाला पंधरवडा राहिला होता.

आईने कपाटातली पांढरी टोपी काढून दिली. ती घालून खाली उतरलो तर पोरं मागे लागली, कारण त्या दिवसांत लालबाग-परळला पांढरी टोपी म्हणजे मुंबई तोडायला निघालेल्या सरकारचा माणूस. परत येऊन वडलांची जुनी काळी टोपी शोधली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचं डोकं मोठं होतं. टोपी माझ्या कानांवर येऊन टेकली. अशा अवतारात जिना चढताना वर पाहतो तो हवालदार दारात उभा.

"टोपी काढा पाव्हणं."

"अहो, ते जरा लागलंय..."

त्याने स्वतःच टोपी उचलली. पूर्ण मिनिटभर बघत राहिला. मग ब्रह्मदेशातला दूधवाला आठवल्यासारखा खोल आवाजात म्हणाला, "वाटलंच व्हतं."

"टाके पडलेत हो! ही बघा पट्टी!"

"पट्टी बोटाएवढी. त्येच्यासाठी अख्खं डोस्कं? आनि ते पुस्तक? कव्हरावर तसलेच बोडके." तो टोपी माझ्या हातात ठेवून आईकडे वळला. "बाई, माझी येकच पोरगी हाय. तिला अर्ध्या रात्री झोपेत टाकून जानाऱ्याच्या घरात म्या द्येनार न्हाई. लगीन थांबलं म्हना."

तो उतरून गेला. मला पुस्तकाचं त्याला कसं कळलं, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मला दुसरंच दिसत होतं. ती मुलगी मी एकदाच नीट बघितली होती, पोह्यांच्या बशीआडून. मी तिला विचारलं होतं, "वाचायची आवड आहे का?" ती म्हणाली होती, "आहे. तुम्हाला?" आणि मी 'हो' म्हणताना तिने अशा नजरेने पाहिलं होतं की मला त्या गळालेल्या पानांची आठवण झाली. ती नजर आता पुन्हा दिसणार नव्हती. पट्टीखालचा टाका तेव्हा पहिल्यांदा ठणकला.

आई म्हणाली, "चल."

"कुठे?"

"ज्यांचा धर्म आहे त्यांनाच विचारू."

दादरच्या पलीकडे एका विहारात एक वयस्कर भिक्खू राहत. मूळचे आपल्याकडचेच, सिंहलद्वीपात शिकून आलेले. आम्ही वंदन करून बसलो. मला वाटलं, यांनाच लग्न लावायला न्यावं. साक्षात भिक्खूने लग्न लावलं की हवालदाराची तक्रार मिटली.

"भंतेजी, आमचं लग्न लावाल का?"

"नाही," ते म्हणाले.

"तारखेची अडचण असेल तर..."

"तारखेची नाही. लग्न लावणं भिक्खूचं काम नव्हे. आम्ही घर सोडलेली माणसं. घर मांडणं तुमचं तुम्ही करायचं, चार माणसांसमोर. नंतर बोलावलंत तर मंगलसुत्त म्हणायला येईन."

आईने माझ्याकडे पाहिलं. धर्माचा माणूसच लग्नाला हात लावत नाही म्हटल्यावर तिचा संशय दुप्पट झाला. तिने स्पष्टच विचारलं, "म्हणजे तुमच्या धर्माला संसार नकोच की काय?"

भंतेजी हसले. "नको असता तर भगवंतांनी नवऱ्याची कामं कशाला सांगितली असती? बायकोचा मान राखायचा. तिला हिणवायचं नाही. बाहेर तोंड मारायचं नाही. घरचा कारभार तिच्या हाती द्यायचा. ऐपतीप्रमाणे दागिना करायचा."

आई म्हणाली, "हे इतक्या जुन्या काळी सांगून ठेवलंन? मग माझ्या लग्नात कुणी बोललं कसं नाही?"

मग तिने माझं बोडकं डोकं त्यांच्यापुढे वाकवलं आणि सगळी कथा सांगितली. "उद्या हा उठून तुमच्याकडे आला तर घ्याल?"

"तुमच्या परवानगीशिवाय नाही."

"माझ्या?"

"भगवंत घरी परत आले तेव्हा त्यांचा मुलगाही संघात गेला. म्हातारा राजा, त्यांचे वडील, धावत आले. म्हणाले, तू गेलास ते दुखणं हाडापर्यंत गेलं होतं, आता नातूही गेला. निदान दुसऱ्या कुणावर ही वेळ आणू नकोस. तेव्हापासून आईबाप नको म्हणाले तर आम्ही कुणाला घेत नाही."

एका बापाच्या रडण्याचा नियम झाला, ही गोष्ट माझ्या तिन्ही पुस्तिकांत नव्हती. कदाचित गळालेल्या पानांत असेल. आई मात्र एकदम ताठ बसली. धर्म बदलल्यापासून पहिल्यांदा तिला त्यात स्वतःची खुर्ची सापडली होती.

तिथून आम्ही थेट नायगावला. दार उघडलं ते छत्रीवाल्याने!

मी किंचाळलो. तो आत वळून म्हणाला, "दाजी, बोडकं आलंय."

तो मुलीचा सख्खा मामा होता, साखरपुड्याला पाळीमुळे न आलेला. गिरणीवर रात्रपाळीचा वॉचमन, दिवसा रिकामा, म्हणून हवालदाराने त्याला माझ्या मागे लावला होता. म्हणजे ज्या सीआयडीच्या जोरावर मी गोदामात फुकट चहा प्यालो, तो सरकारचा नव्हताच. सरकारला माझी दखल नव्हती. मला त्या क्षणी टाक्यांपेक्षा ते जास्त लागलं.

"त्या दिवशी पळलात का?" मामाने विचारलं.

"तुम्ही मागे का लागलात?"

"गर्दीत चेंगराल म्हणून धरायला येत होतो! भाचीचा नवरा तुम्ही!"

आईने वेळ न दवडता परवानगीचा नियम सांगितला आणि छाती ठोकून म्हणाली, "मी जन्मात परवानगी देणार नाही. झालं समाधान?"

हवालदाराने पलटणीतल्यासारखा विचार केला. प्रत्येक कुंपणाला भोक असतंच. "बाई, राग मानू नगा. पर तुमी काय अमर न्हाई."

"तुम्हाला पोचवूनच जाईन मी!"

"पर गेलात तर? मंग हा मोकळा."

कोपऱ्यात त्याची बायको तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न काढता म्हणाली, "घर सोडायला चिवरच लागतं व्हय?"

"म्हंजी?"

"तुमी खाकी घालून ग्येला. ही रांगत व्हती. परत आला तवा तुमाला बघून रडली, कोन मानूस म्हनून."

"ती लढाई व्हती."

"मला काय ठावं लढाई व्हती का वैराग्य. घर तर मोकळंच व्हतं." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "जाताना इचारलं व्हतं का मला? म्या तर झोपल्याली बी नव्हते."

हवालदाराचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. इतके दिवस तो माझ्या डोक्यात काय शोधत होता, ते मला तेव्हा थोडं कळलं.

मग आतल्या दारातून मुलगी बाहेर आली. माझ्या टकलाकडे बघून हसायला आलेलं तिने ओठात दाबलं, ते मी पाहिलं.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "त्या रात्री मीही होते तुमच्या भाषणाला. राजपुत्राची बायको तुम्ही झोपलेली का ठेवलीत?"

"पुस्तिकेत तसं..."

"आता लोक दुसरंही सांगतात. नदीच्या पाण्यावरून भांडण झालं, त्यात लढाई नको म्हणाले म्हणून त्यांना घर सोडावं लागलं. आणि ते बायकोला सांगून गेले. ती जागी होती, बोलली त्यांच्याशी. हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

ठाऊक होतं. पण जागी बायको गोष्टीत आली की ती बोलणार, तो उत्तर देणार, आणि उंबऱ्यावरचा माझा तो खालचा आवाज वाया जाणार. मी खरं ते सांगून टाकलं: "झोपलेली असली की भाषण रंगतं."

"हो ना," ती म्हणाली. "झोपलेली बायको बोलत नाही."

हवालदार माझ्याकडे संशयाने पाहत होता. आता आईही पाहू लागली. मुलगी मात्र आईकडे वळली. "तुमची परवानगी तुम्ही मला द्याल का? लग्नात, सगळ्यांसमोर. मग ते कुठेही जायचे झाले तर मला उठवून विचारावं लागेल."

"आणि तू दिलीस परवानगी तर?" मी न राहवून विचारलं.

"ते मी तेव्हा बघेन. तुम्ही कसं वागता त्यावर."

हवालदार प्रथमच हसला. लेकीत त्याला पहारा देणारा माणूस सापडला होता.

लग्न अमावस्येला झालं, कारण त्या दिवशी पटांगण रिकामं होतं आणि मांडववाला स्वस्तात आला. पांढरी साडी, पांढरा सदरा, तसबिरीपुढे मेणबत्त्या. चाळीतल्या एका जाणत्या माणसाने त्रिशरण-पंचशील म्हणून घेतलं. म्हाताऱ्या बायका कडेला कुजबुजत होत्या: "एवढंच? झालं? हे टिकेल का गं?" हळदीचं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही, एकीने लावली, दुसरीने पुसली.

हार घालून झाल्यावर आई पुढे आली. सुनेचा हात धरून म्हणाली, "ऐका सगळ्यांनी. याला घर सोडायला माझी परवानगी लागते. ती आजपासून हिच्याकडे." मुलगा दिल्यासारखी ती रडली. खरं तर मुलगी दुसऱ्यांची येत होती. कडेच्या म्हाताऱ्यांतल्या एकीने शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं, "हे आपल्यात आधीपासून होतं का गं?"

केस परत आले. पण हवालदाराचा विश्वास नाही आला. दर रविवारी तो नायगावहून येई, मी पाया पडलो की माझ्या डोक्यावरून सावकाश हात फिरवी. शेजारी म्हणत, काय माया आहे सासऱ्याची! माया असेलही. पण मला ठाऊक होतं, तो वाढ तपासत असे.

पुढे महाराष्ट्राचं राज्य झालं. त्या संध्याकाळी सगळं परळ शिवाजी पार्ककडे निघालं होतं. मी चपला घातल्या आणि दारात थांबलो. बायको स्टोव्हपाशी होती. आमची मुलगी तिच्या पायाशी झोपली होती.

"जाऊ का?"

तिने वळून माझ्याकडे बघितलं, पोह्यांच्या बशीआडून बघितलं होतं तसंच.

"थांबा," ती म्हणाली, "स्टोव्ह बंद करते." मग वाकून मुलीला हलवत म्हणाली, "ऊठ गं. हिलाही विचारा."